डोंगरात एकट्याने राहणाऱ्या माणसाशी लग्न ठरतंय – अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा

खाडीपलीकडची | ९ मे, रात्री १०.४०

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलचक आहे, पण मधलं गाळलं तर मला काय विचारायचंय ते कळणार नाही.

मी ४१ वर्षांची. रत्नागिरीत मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघते, चौदा वर्षं झाली. म्हाकूल, राणी मासा असा माल गोठवून परदेशी जातो आणि प्रत्येक कंटेनरमागे कागदांची चळत असते. युरोपात पाठवायचा तर २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं, म्हणजे मासळी कुठल्या बोटीने कधी धरली त्याचा पुरावा. त्यात एक आकडा चुकला की उणे अठरा अंशावर ठेवलेला माल तिकडच्या बंदरात अडकून पडतो. मग एजंटचा फोन, गिऱ्हाइकाचा फोन, साहेबांचा फोन. त्यांची सकाळ होते तेव्हा आपली दुपार कलंडलेली असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून लोकांना वाटतं आम्हाला सुट्टी. त्याच दोन महिन्यांत वर्षभराच्या फायली निस्तरायच्या असतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी मी एसटी स्टँडवर उभी होते. गाड्यांच्या पाट्या वाचत होते, अक्षरं कळत होती, पण मला कुठे जायचंय तेच आठवेना. पाच-सात मिनिटं असेल. शेजारच्या बाईंनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्याआधी जवळजवळ दोन महिने मी रात्री तीनला जागी होत होते आणि फोन वाजला नसतानाही उशाखालचा फोन बघत होते. डॉक्टरांनी एकवीस दिवसांची रजा लिहून दिली आणि रत्नागिरीत राहू नका म्हणून बजावलं.

देवरुखला माझी आतेबहीण असते, तिच्याकडे गेले. तिला पक्ष्यांचं वेड. सह्याद्रीच्या पायथ्याला एका देवराईत मोठ्या धनेशाचं घरटं आहे, चल म्हणाली. आमच्याकडे या पक्ष्याला गरुड म्हणतात. बेहड्याच्या जुन्या झाडाला वर ढोली, मादी आत शिरते आणि विष्ठेने, चिखलाने तोंड लिंपून घेते. एक उभी फट तेवढी उरते. पुढचे तीन-चार महिने नर बाहेरून फळं आणून भरवतो. घरट्याची जागा लिहीत नाही, कृपया विचारू नका.

झाडापासून लांब, पालापाचोळ्याच्या आडोशाला एक माणूस वही घेऊन बसला होता. बहिणीने ओळख करून दिली, त्याने मान हलवली. मी दगडाला टेकले आणि झोपले. नुसती डुलकी नव्हे. साडेनऊला झोपले ती दीड वाजता उठले. अंगावर त्याची घोंगडी होती. बहीण मधे गावात जाऊन परत आली होती. डोळे उघडल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, ‘नर तीनदा येऊन गेला. शेवटच्या वेळी उंबरं होती.’ बस. मी कोण, कुठली, अशी का झोपले, काहीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. नर येतो तेव्हा आधी पंखांचा आवाज येतो, लांबून वाफेचं इंजिन यावं तसा. मग तो फांदीवर बसतो, मान मागे टाकतो आणि गळ्यातून एकेक फळ चोचीच्या टोकाला आणून फटीतून आत देतो. घाई अजिबात नाही. हा माणूस शेजारी बसून प्रत्येक फेरीची वेळ लिहितो. सहा वर्षांच्या वह्या आहेत त्याच्याकडे. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही.

तो ४८ वर्षांचा आहे. आठ वर्षं मुंबईत छापखान्यात होता, वडील आजारी पडले म्हणून परत आला. आधी वडील गेले, मग आई. वाडीत बारा घरं, त्यातल्या अकरांना कुलूप, गणपती-शिमग्याला उघडतात. बाराव्यात हा. गाडीरस्ता संपतो तिथून दीड तासाची चढण. काजू, कोकम, थोडी नाचणी, शिकेकाई, दोन गाई. आठवड्यातून एकदा बाजाराला उतरतो. फोनला रेंज एका ठरावीक दगडावरच येते. खालचे लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. तो विक्षिप्त नाही, कमी बोलतो. जगाचा राग येऊन वर गेलेला नाही. घर तिथे आहे म्हणून तिथे राहतो.

रजा संपली, मी कामावर रुजू झाले. पण दर रविवारी पहिल्या गाडीने देवरुख आणि तिथून वर. सव्वा वर्ष झालं. या महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला गेले होते. घरामागच्या पडवीत लाकडांची रास बघून मी म्हटलं, यंदा इतकी का? तो फळी सरळ करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘यंदा पावसाचं लाकूड दोन माणसांचं भरलंय.’

मी हो म्हटलं.

आता प्रश्न. आई ६९ वर्षांची आहे, खाडीपलीकडच्या आमच्या घरी एकटी असते, आणि डोंगर चढून येणार नाही हे तिने स्पष्ट सांगितलंय. त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. पावसाळ्यात चार-चार दिवस वाट बंद असते. नोकरी सोडावी की नाही ते ठरत नाही. आणि इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस माझ्याबरोबर रोज राहू शकेल का, हे मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मलाही माहीत नाही.’ ज्यांनी असं काही केलंय, जवळून बघितलंय, त्यांनी लिहा. गोड बोलायची गरज नाही.

सुरंगी | ९ मे, रात्री ११.२५

आधी मनापासून अभिनंदन. ‘दोन माणसांचं लाकूड’ वाचून डोळे भरून आले.

आता थोडं स्पष्ट लिहिते, कारण मी स्वतः यातून गेलेय, फक्त माझी बँक होती. स्टँडवर तुम्हाला झालं ते हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि नीट आवरला गेला नाही की होणारा परिणाम, असं म्हटलंय. तीन खुणा सांगितल्यात: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. माझ्या तिन्ही होत्या. मी राजीनामा देऊन गावी गेले आणि सहा महिने तिथेही तशीच होते. रात्री तीनला जाग यायचीच, फक्त खिडकीबाहेर माड होते.

म्हणून एकच सांगेन, राजीनामा आणि लग्न एकाच महिन्यात करू नका. दोन्हींतलं कशामुळे बरं वाटतंय आणि कशामुळे नाही, ते कळेनासं होतं. आणि मग बिचाऱ्या नवऱ्यावर औषधाचं काम पडतं.

जांभा | १० मे, सकाळी ७.१०

ताई, भावनेचं बाकीचे लिहितील, मी जमिनीचं लिहितो. आयुष्य तलाठी कार्यालयांचे उंबरे झिजवण्यात गेलंय.

चौदा नावं ही कोकणात नवलाई नाही. पण पुढच्या गोष्टी पावसाआधी बघून घ्या. आई-वडील गेल्यावर वारस नोंद झाली का? फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीचा उतारा, काढा. यजमानांना बहिणी असतील तर त्यांचीही नावं लागायला हवीत, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावावर आहे? घर आणि जमीन या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक तिथेच फसतात.

सामाईकात तुमच्या यजमानांचा हिस्सा कागदावर अपूर्णांकात असतो, कुठला तुकडा त्यांचा ते ठरलेलं नसतं. आज अकरा घरांना कुलूप आहे म्हणून सगळे गोड आहेत. उद्या कुणीतरी रिसॉर्टवाला आला की मुंबईहून अकरा गाड्या येतील. सगळ्यांशी संबंध चांगले आहेत तेव्हाच निदान घराभोवतीची आणि काजूची जागा कोण कसतो याचं सहमतीने लिहून घ्या. शक्य झालं तर रीतसर वाटप करून पोटहिस्सा पाडून घ्या.

आणि लग्नाची नोंदणी करा. देवळात हार घालून थांबू नका. विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तो हिशेब धरा.

चुलवण | १० मे, सकाळी ९.०२

मी ६७ वर्षांची आहे, नातू टाइप करून देतो. आमचा गाव सिंधुदुर्गात, घाटाखाली. लग्न होऊन १९८३ ला आले तेव्हा जिल्हा नवीन होता, १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला. रस्ता नव्हता, वीज नव्हती. पहिल्या मुलीच्या वेळी डोलीत बसवून चार माणसांनी खाली आणली, वाटेत ओढा भरलेला. दोन तास काठावर थांबलो. मुलगी सुखरूप झाली.

बाय गो, तुका आमच्या भाशेत सांगतंय. पावसात लाकडां सुकी होयी, मीठ कोरडां होया आणि दारात उजेड होयो. बाकी सगळां जमतां. कुळीथ, सुकट, आमसुलां, पापड मे म्हयन्यातच भरून ठेव. चुलीवरच्या माळ्यार बियाणां ठेव, धुराक कीड लागणा नाय.

आणि एक. आमचे हे पण बोलत नसत. पहिली दोन वर्षं मला वाटायचं माझ्यावर राग आहे. मग सासूबाईंनी सांगितलं, त्याचा राग असला तर तो जेवत नाही, बोलणं बघू नको, ताट बघ. तू पण तुझ्या माणसाचं काय बघायचं ते शोधून काढ.

घाटमाथा | १० मे, दुपारी २.४८

मी इथे क्वचित लिहितो. लिहायला बसलो कारण धाग्यातला ‘तो’ म्हणजे मी आहे. म्हणजे तसाच माणूस. आंबोलीच्या अलीकडे जंगलाच्या कडेला नऊ वर्षं एकटा राहिलो. नंतर लग्न केलं. सात वर्षं झाली, आम्ही एकत्र आहोत. त्यामुळे पलीकडच्या बाजूने काय होतं ते सांगतो.

एकट्या माणसाचा दिवस त्याच्या अंगात मुरलेला असतो. कुठली वस्तू कुठे, पाणी कधी तापवायचं, गप्प कधी बसायचं, काहीच ठरवावं लागत नाही. दुसरं माणूस येतं ते कितीही आवडतं असलं तरी पहिले काही महिने त्याची चाहूलसुद्धा अंगावर येते. माझी बायको सकाळी भांडी घासायची तेव्हा मी उठून बाहेर जायचो. तिला वाटायचं मी तिला टाळतो. मी आवाज टाळत होतो. पण हे मला सांगता येत नव्हतं, कारण नऊ वर्षं काही सांगायची वेळच आली नव्हती. शब्द गंजतात, खोटं नाही.

पहिल्या पावसाळ्यात आमचं मोडायला आलं होतं. आंबोलीचा पाऊस ऐकून माहीत असेल, दिवसेंदिवस खिडकीपलीकडे फक्त पांढरं. सव्वीस दिवस ऊन नव्हतं. ती एका संध्याकाळी म्हणाली, तू मला दिसत नाहीस. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

त्या रात्री आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, मागची पडवी बंद करून एक लहान खोली केली. तिथे जो जाईल त्याला हाक मारायची नाही. दोघांपैकी कुणीही जाऊ शकतं, ती जास्त जाते आता. दुसरी, रात्री जेवल्यावर दिवसातली एक गोष्ट मी सांगायची. काहीही. झाडावर काय दिसलं, पायाला काय लागलं. सुरुवातीला मला घाम फुटायचा. आता मी दिवसभर ती गोष्ट शोधत असतो.

ताई, तुम्ही त्याला ‘राहू शकशील का’ विचारलंत आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला. मी त्याच्या जागी असतो तर ‘हो’ म्हणालो असतो आणि ते खोटं ठरलं असतं. त्याचं उत्तर चांगलं आहे. आता पुढचं विचारा: तुला त्रास झाला तर मला कसं कळेल?

पाणंद | १० मे, सायंकाळी ६.३०

सगळे हळवे झालेत म्हणून मी लिहिते. आईचं काय? ६९ वय, खाडीपलीकडे एकटी. तुम्ही डोंगरावर, रेंज एका दगडावर, पावसात वाट बंद. तिला रात्री छातीत दुखलं तर फोन कुणाला लागणार? माझी आई अशीच गेली, मी ठाण्यात होते, रस्ता होता, फोन होता, तरी पोचले नाही. तुमच्या सुखाच्या आड यायचं नाही. पण धाग्यात आईला दोनच ओळी मिळाल्यात.

खाडीपलीकडची | १० मे, रात्री ११.५५

@पाणंद, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खरं आहे, दोनच ओळी लिहिल्या कारण त्याहून जास्त लिहायला बसले की हात थांबतो. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तीच म्हणते की जा. कालवं काढायला अजून ओहोटीला उतरते, मला म्हणते मी तुझ्या आधी इथली आहे. पण गेल्या आठवड्यात तिने कपाटातली माझी शाळेची वही काढून उशाशी ठेवलेली मी पाहिली.

@घाटमाथा, तुमचं उत्तर मी छापून घेऊन रविवारी वर नेणार आहे. त्याला वाचायला देईन.

@सुरंगी, औषधाचं काम म्हणालात ते मला लागलं. आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं होतं, ते सांगते. मागच्या मे महिन्यात सोलं, म्हणजे आमसुलं, करत होतो. रातांबा फोडायचा, बिया आणि गर काढायचा, त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, दुसऱ्या दिवशी उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात, पुन्हा ऊन, असं पाच-सहा दिवस. सालं काळपट, मऊ होईपर्यंत. मी पहिल्या दिवशी नखं लाल होईपर्यंत फोडत बसले, थांबलेच नाही. मनात आकडा धरला होता, संध्याकाळपर्यंत इतके. तो दोनदा म्हणाला राहू दे. तिसऱ्यांदा त्याने माझ्या पुढ्यातली टोपली उचलून आत नेली. मी ओरडले. म्हटलं, मदत करतेय तर तुला किंमत नाही. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, ‘तू इथे पण हापिसात बसलीयस.’

मी रागाने उतरायला लागले. अर्ध्या वाटेवर थांबले, कारण तो मागे येत नव्हता आणि हाकही मारत नव्हता, आणि मला कळलं की तो मला खरंच जाऊ देतोय. परत गेले तेव्हा तो सालं पालथी करत होता. आम्ही उरलेली दुसऱ्या दिवशी फोडली, सावकाश. त्या रात्री मी सलग सात तास झोपले. तो औषध झालेला नाही, सुरंगी. पण त्याच्यासमोर मला माझं दिसतं.

भरतीओहोटी | ११ मे, सकाळी ८.१५

मी महाडचा. २२ जुलै २०२१ नंतर डोंगराखाली घर असणाऱ्या कुणालाही मी हे सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. त्या दिवशी आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड आली, ८० हून अधिक माणसं गेली. वाडी उताराच्या पोटात आहे की सोंडेवर? पावसात घराच्या वरच्या बाजूला जमिनीला नव्या भेगा, झाडं किंवा खांब कललेले, दारं-खिडक्या एकाएकी घट्ट बसणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा थांबणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच क्षणी बाजूला निघायचं. कुठे जायचं ते आधी ठरवून ठेवा. अंधारात, पावसात ते सुचत नाही.

दुसरं, विंचू-साप. कातळावर, दगडी बांधाला फुरसं असतंच. चावलं तर बांधाबांधी, कापणं, चोखणं काही नाही. पाय हलवायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली आणायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्प लस चालते. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ती आहे का हे पावसाआधी स्वतः जाऊन विचारा. लाल विंचवाचं म्हणाल तर आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला म्हणून कोकणात आज कितीतरी पोरं जिवंत आहेत. माझा धाकटा भाऊ त्यातला एक. उचलून आणायला चार माणसं लागतील. वाडीत तुम्ही दोघंच. खालच्या वाडीतल्या चार तरुणांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि त्यांच्या घरी गणपतीला जा.

रातांबा | ११ मे, दुपारी १२.४०

मी त्याच भागातला, देवरुखच्या बाजूचा. ताई, तुम्ही रविवारी जाता त्या वाटेवरून मार्लेश्वराचा डोंगर दिसत असेल. गुहेतला देव, आत अजून समयांचाच उजेड. संक्रांतीला त्याचं लग्न लागतं हे तुम्हाला माहीत असणार. साखरप्याहून गिरिजादेवीची पालखी निघते, डोंगर चढून त्याच्याकडे येते. हजारो माणसं लग्नाला असतात.

मी लहानपणापासून जातो. माझी आजी नेहमी एक सांगायची, ते तुमचा धागा वाचताना आठवलं. लग्न लागलं की गिरिजाईची पालखी साखरप्याला परत जाते. तिचं तिथे देऊळ आहे, तिची माणसं आहेत. तो डोंगरात, ती गावात, आणि वर्ष फिरलं की पुन्हा लग्न. आजी म्हणायची, बघ, देवाने पण बायकोला घर सोडायला लावलं नाही.

तुम्ही सगळ्या धाग्यात असं धरून चाललाय की एक तर वर, नाहीतर खाली. रत्नागिरी ते देवरुख एसटीने दोन तास. कोकणाची रुंदी ती केवढी! दोन्हीकडे का नाही?

सुरंगी | ११ मे, दुपारी १.०५

रातांबा, तुमच्या आजीला नमस्कार.

पाणंद | ११ मे, दुपारी १.३२

हे मला पटतंय. आईची वही उशाशी आहे ना, मग तिच्या घरातली खाट तशीच राहू द्या.

खाडीपलीकडची | १३ मे, रात्री ९.२०

रविवारी वर गेले होते. घाटमाथा, त्याने तुमचं उत्तर दोनदा वाचलं, घडी करून वहीत ठेवलं. मग मी तुमचा प्रश्न विचारला, तुला त्रास झाला तर मला कसं कळेल. विचार करून म्हणाला, ‘मी गोठ्यात जास्त वेळ काढेन. तेव्हा हाक मारू नकोस, चहा आणून ठेव.’ चुलवणमावशी, माझं ताट मला सापडलं.

रातांबांच्या आजीचं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, लाकूड तरी दोन माणसांचंच लागेल, तू तीन दिवस असलीस तरी. ओली माणसं जास्त जाळतात.

जांभा | १४ मे, सकाळी ६.५०

फेरफार काढलात का?

खाडीपलीकडची | १४ मे, सकाळी ८.३०

काढला दादा. वडिलांची वारस नोंद झालेली आहे, आईची बाकी. दोघी बहिणींशी तो स्वतः बोललाय, त्यांची नावं लागतायत. मोठी बहीण फोनवर रडली, म्हणाली त्या घरात दिवा लागायचा बंद होईल अशी भीती वाटत होती.

खाडीपलीकडची | २८ जून, रात्री ८.१०

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी जीव तोडून लिहिलं त्यांच्यासाठी.

नोटिशीचे तीस दिवस भरले, १९ तारखेला रत्नागिरीत विवाह अधिकाऱ्यांसमोर सह्या केल्या. आई, आतेबहीण आणि खालच्या वाडीतले दोघं साक्षीला. तो नवा सदरा घालून आला होता, घडीच्या खुणा तशाच. आईने त्याला विचारलं, कालवं खातोस का? त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. तिने घरी नेऊन खायला घातली. तो गप्प बसून तीन वाट्या जेवला. चुलवणमावशी, मी ताट बघत होते.

कंपनीत संध्याकाळनंतरचे फोन घेणार नाही असं लिहून दिलं. पगार कमी झालाय, काम सोमवार ते गुरुवार. हे सहज झालं नाही, तीन बैठका झाल्या आणि एकदा मी उठून बाहेर आले. सुरंगी, राजीनामा अजून दिलेला नाही. रात्री जाग येते कधी, पण फोन आता आईच्या खोलीत चार्जिंगला असतो. सोमवार ते गुरुवार आईकडे, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने देवरुख, शुक्रवारी पहाटे वर. भिंतीवर चार नंबर खडूने लिहिलेत. देवरुखच्या रुग्णालयात लशीचं विचारून आले. वरच्या उताराला दर शुक्रवारी दोघं फिरून येतो, वहीत नोंद करतो.

गेल्या शुक्रवारी ओढा भरला होता. मी अलीकडे, तो पलीकडे. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. दोन तास आम्ही समोरासमोर बसून होतो, तो घोंगडी पांघरून, मी छत्री घेऊन. मधे एकदा त्याने हात वर करून तीन बोटं दाखवली. मला आधी कळलं नाही. मग वर बघितलं. धनेशाची जोडी आणि मागून यंदाचं पिल्लू, ओढा ओलांडून गेले.

पाणी उतरल्यावर त्याने दोर टाकला.

चुलवण | २९ जून, सकाळी ७.४५

मीठ कोरडां आसा मां?

खाडीपलीकडची | २९ जून, सकाळी ८.००

आहे मावशी. चुलीच्या वर टांगलंय, बरणीत. शेजारी सोलांची बरणी आहे, ती या सोमवारी आईसाठी खाली न्यायची आहे.